सुनेचं कार्ड

तिने कार्डकाकांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका खणाची माफी मागत होते.

शब्दकोशाच्या खोलीत तिचा तो पहिलाच दिवस. खोली लांबट, दोन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी कपाटं, कपाटांना ओळीने लहान लहान खण आणि खणांत पोस्टकार्डाएवढी सव्वादोन लाख कार्डं. खिडकीपाशी एक सडपातळ गृहस्थ खण अर्धा बाहेर ओढून हळू आवाजात म्हणत होते, "चुकलं बाबा, जोरात ओढलं. फार लागलं का?"

कपाटाआड एखादं लहान मूल असेल असं तिला वाटलं. वाकून पाहिलं तर कोणी नाही.

"तुम्ही खणाशी बोलत होतात?"

"मग कोणाशी बोलणार? तुम्ही तर आत्ता आलात," ते म्हणाले. आणि जरा थांबून, अगदी नम्रपणे, "दार आपटून."

तर हे कार्डकाका. बाविसाव्या वर्षी ते या खोलीत कपाटं पुसायला म्हणून लागले होते. पुसता पुसता कोणता खण कुठला हे पाठ झालं, मग कार्डं लावायला लागले, मग हरवलेली शोधून द्यायला लागले, आणि एके दिवशी मोठ्या सरांच्या लक्षात आलं की हा माणूस रजेवर गेला की कोशाचं काम बंद पडतं. मोठे सर म्हणजे कोशाचे मुख्य संपादक. त्यांनी काकांना खुर्ची दिली, टेबल दिलं आणि एक निळी पेन्सिल दिली. एक्केचाळीस वर्षांत काकांना सात लिप्या ओळखू यायला लागल्या होत्या. नुसत्या वळणावरून ते शब्द कुठल्या भाषेतला ते सांगत. मात्र त्यातल्या एकाही भाषेत त्यांना पाणी मागता आलं नसतं. याचा त्यांना खेद नव्हता. "मागायचं कशाला? माठ इथेच आहे," म्हणत.

कोश होता जुन्या स्लाव्ह भाषेतल्या शब्दांचा. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी पूर्व युरोपातली माणसं जी एक भाषा बोलत, तिच्या पोटी पुढे डझनभर भाषा जन्मल्या. पण त्या मूळ भाषेतली एक ओळसुद्धा कोणी लिहून ठेवलेली नाही. तेव्हा लेकी-नातींची नाकं-डोळे बघून पणजी कशी दिसत असेल ते ठरवावं, तसे हे शब्द ठरवायचे. असा ठरवलेला शब्द लिहिताना त्याच्याआधी एक बारीक चांदणी काढायची, म्हणजे वाचणाऱ्याने समजावं की हा कुठे लिहिलेला सापडला नाही, पण असा असणार. ज्या कार्डाला चांदणी, त्याचा स्रोताचा रकाना अर्थातच रिकामा. काका त्या कार्डांना 'अनाथ' म्हणत आणि त्यांच्या खणांवरची धूळ इतरांपेक्षा एकदा जास्त पुसत.

तिला आल्या आल्या नोंद लिहायला मिळाला तो शब्द होता 'स्नुखा'. म्हणजे सून.

"चांगला शब्द आहे," काका खण काढून देत म्हणाले. "बहीण आपल्याकडेच आहे."

बहीण म्हणजे संस्कृतातली स्नुषा. तिचीच पुढे प्राकृतात सुण्हा झाली आणि आपल्या घरात येईपर्यंत सून झाली. तिकडे स्लाव्ह लोकांकडे ती स्नुखा. मुळात दोघींच्या पोटात साधा 'स' होता. पण 'उ'च्या पाठोपाठ आला की त्या 'स'चा तिकडे घशातला 'ख' व्हायचा आणि इकडे 'ष'. ती हे मन लावून सांगत होती आणि काका तितक्याच मन लावून ऐकत होते.

"म्हणजे दोघी हजारो कोस लांब, आणि खोकला एकाच जागी," ते म्हणाले.

"काका, हे मी नोंदीत लिहू का?"

"नको. सर खोडतील."

त्या शब्दाची दुसरी गंमत त्याच्या शेपटात होती. त्याच्याही आधीच्या, ग्रीक, संस्कृत, स्लाव्ह अशा सगळ्या भाषांच्या खापरपणजीच्या काळात, हा शब्द बाईचा असून त्याला प्रत्यय होता बाप्यांच्या शब्दांसारखा. ग्रीकांनी तो तसाच ठेवला. आपल्या पूर्वजांना आणि स्लाव्ह लोकांना मात्र ते बघवलं नाही. दोघांनी एकमेकांना न विचारता तिच्या शेवटी 'आ' लावून टाकला.

"सासरी आली आणि कपडे बदलायला लावले," काका म्हणाले.

"आणि नवऱ्याच्या घरच्यांनीच," ती म्हणाली. "हा शब्द सुनेने स्वतःसाठी केलेला नाही, काका. सासू-सासऱ्यांनी तिच्यासाठी केलेला आहे. तिला हाक मारताना 'स्नुखो'. तिला काही द्यायचं असेल तर 'स्नुसे', म्हणजे देताना तेवढा 'ख'चा परत 'स' होतो."

"देताना माणूस मऊ होतोच. आणि मूळ कुठलं शब्दाचं?"

"ते कुणालाच नक्की माहीत नाही. कोणी म्हणतं मुलगा अशा अर्थाच्या शब्दावरून आला, कोणी म्हणतं लग्न करणं अशा अर्थाच्या धातूवरून. एकही पटत नाही."

काकांनी मान हलवली. "घरोघरी आहे आणि कुठून आली ते कुणी विचारलं नाही. बरं, तो खण नीट लावा. दोन बोटं बाहेर राहिलाय."

दोन बोटं खण बाहेर राहणं हा त्या दोघांमधला कायमचा वाद. काकांच्या हिशेबी जगात दोनच प्रकारची माणसं: खण शेवटपर्यंत लावणारी आणि ती.

दुसऱ्या महिन्यात तिच्या चष्म्याची दांडी तुटली. काका म्हणाले, "मागच्या गल्लीत माझ्या मुलाचं चष्म्याचं दुकान आहे. माझं नाव सांगा."

"सांगितलं तर स्वस्त पडेल?"

"नाही. पण वेळेवर देईल."

त्याने वेळेवर दिला नाही. दांडीचा रंग जुळत नाही या सबबीवर तिला चार वेळा बोलावलं. वडिलांच्या कानावर ही गोष्ट गेली असती तर त्यांना तिथेच शंका आली असती, कारण मुलगा त्यांच्यासारखाच काटेकोर होता. पण चौथ्या खेपेपर्यंत दोघांचं इतकं जमलं होतं की चष्म्याचा विषय मागे पडला. वर्षभराने मुलाने घरी सांगितलं.

घर म्हणजे तीन माणसांचं. काका, मुलगा आणि आत्या. मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हा काकांची थोरली बहीण आठ दिवसांसाठी म्हणून आली. त्या आठ दिवसांना आता एकवीस वर्षं होत होती आणि तिची पेटी अजून पलंगाखाली बांधलेलीच होती.

मुलाने सांगितल्यावर काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तुझी मर्जी."

मुलाने खुशीत जाऊन तिला हे सांगितलं. तिला खुशी झाली नाही.

"'तुझी मर्जी' म्हणजे हो नव्हे," ती म्हणाली.

"अगं, बाबांचं हो असंच असतं."

"माझ्या आईलाही असंच घरात आणलं होतं. आजोबा म्हणाले, तुझी मर्जी. सव्वीस वर्षं झाली, अजून ती त्या घरात पाहुण्यासारखी स्वयंपाकघराच्या दारात उभी असते. मला नाही तसं यायचं. तुझ्या बाबांना मी स्वतःहून हवी असेन तर येईन."

"मग मी त्यांना विचारू?"

"खबरदार! विचारून घेतलेलं हो मला नको आहे."

त्यातच दुसऱ्या शहरातल्या एका ग्रंथालयातून तिला नोकरीचं पत्र आलेलं होतं. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं होतं. हो कळलं तर इथे राहायचं, नाही तर तिकडे जायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. मुलाला सांगितलं. काकांना अर्थातच काही नाही. ती रोज त्यांच्यासमोर बसायची, खण दोन बोटं बाहेर ठेवायची, आणि ते रोज एवढंच म्हणायचे, "बाई, खण."

महिना संपायला तीन दिवस उरले असताना तिने स्नुखाची नोंद शेवटची तपासायला घेतली. खणातून कार्डांचा गठ्ठा काढला. स्लाव्ह भाषांमधल्या लेकी झाल्या, ग्रीक झाली, स्नुषा झाली, सुण्हा झाली. तिच्यामागे, 'सून' या मथळ्याखाली, एक कार्ड तिने कधी न पाहिलेलं होतं. अक्षर काकांचं, निळ्या पेन्सिलीतलं.

*सून. स्त्रीलिंगी. मूळ: नीट कळलेलं नाही. अर्थ: मुलाने निवडलेली. वापर: दार आपटते. खण पुरता लावत नाही. चहा उभ्याने पिते आणि कप सापडेल तिथे ठेवते. मोठ्याने हसते. शंका: आमच्या घरात तिन्ही माणसं गप्प असतात, तिथे हिचं कसं व्हायचं? निर्णय:*

निर्णयापुढे काही नव्हतं.

झालं होतं असं. काकांना कागदावर लिहिल्याशिवाय विचार करता येत नसे, आणि कागद म्हटला की त्यांना कार्डच आठवे. घरात वाण्याची यादी कार्डावर, डॉक्टरची वेळ कार्डावर, आत्यावर रागावले तर तेही कार्डावर. मुलाने लग्नाचं सांगितलं त्या दुपारी त्यांनी खिशातून कार्ड काढून ही नोंद केली आणि पुन्हा खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी कामावर आल्यावर खिशातली सगळी कार्डं टेबलावर काढली आणि बोटांनी बेचाळीस वर्षांच्या सवयीने ती जागच्या जागी लावून टाकली. डोकं त्यात कुठेच नव्हतं. नंतर घरी त्यांनी ते कार्ड गादीखाली, पेटीत, रेडिओमागे शोधलं. कोशात शोधावं असं काही त्यांना सुचलं नाही, कारण कोशात त्यांच्या हातून आजवर काही चुकलेलं नव्हतं.

तिने ते कार्ड दोनदा वाचलं. आधी कान तापले. मग डोळे भरून आले. मग तिचं लक्ष 'कप सापडेल तिथे ठेवते' यावर गेलं, आणि आपला कप या क्षणी स्नुषेच्या कार्डावर ठेवलेला आहे हे तिला दिसलं. तिला हसू फुटलं, मोठ्याने. काका पलीकडच्या टोकाला शिडीवर होते. ते म्हणाले, "बाई, सर झोपलेत."

आता त्या खोलीचा एक नियम होता. एखाद्या कार्डावर कोणाला शंका आली तर ती बोलायची नाही, कार्डाच्या खाली लाल पेन्सिलीने लिहायची आणि कार्ड शंकांच्या ट्रेमध्ये टाकायचं. ज्याने कार्ड लिहिलं त्याने तीन दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. उत्तर पटलं तर शंका खोडून कार्ड खणात जाईल, नाही तर नाही. तिने लाल पेन्सिलीला टोक काढलं.

"शंका एक. दार आपटते असं म्हटलं आहे. दाराची बिजागरी तपासली आहे काय? शंका दोन. मोठ्याने हसते. पुरावा द्यावा. शंका तीन. घरातली माणसं गप्प बसतात, हा दोष सुनेच्या नोंदीत का? शंका चार. निर्णय लिहिलेला नाही. निर्णयाशिवाय कार्ड खणात ठेवता येत नाही."

खाली तारीख घातली, कार्ड ट्रेमध्ये टाकलं आणि ती घरी निघून गेली. जाताना दार आपटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका ट्रेपर्यंत पोचायच्या आधी मोठे सर पोचले. सरांचं वय सत्त्याहत्तर. त्यांच्यासाठी जगात माणसं कमी आणि शब्द जास्त होते. त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ धरून वाचलं.

"वा! उदाहरणं फार जिवंत आहेत. कप सापडेल तिथे ठेवते. कुठल्या बोलीतलं हो हे?"

काकांनी कार्ड ओळखलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती मान खाली घालून टाचण्या निवडत होती.

"आमच्या... घरच्या," काका कसेबसे म्हणाले.

"मग स्रोत लिहा की! आणि शंका अगदी रास्त आहेत. तीन दिवसांत उत्तरं द्या." सर कार्ड त्यांच्या हातात ठेवून आत गेले. कोशासाठी स्वतःच्याच घरच्या बोलीचा पुरावा देणारा कर्मचारी त्यांना मनापासून आवडला होता.

संध्याकाळी सगळे गेल्यावर काकांनी दार चार वेळा उघडून मिटून पाहिलं. वरची बिजागरी ढिली होती. दार कितीही हळू सोडा, ते आपटायचंच. काका सहा वर्षं ते दार हाताने धरून लावत होते, म्हणून त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी पहिलं उत्तर लिहिलं: "शंका मान्य. दोष दाराचा." दुसरं लिहायला त्यांना वेळ लागला नाही: "पुरावा: सर आपला चष्मा शोधत होते आणि तो त्यांच्याच कपाळावर होता तो दिवस. कार्ड लिहिणाराही हसला होता, पण कपाटामागे जाऊन."

तिसऱ्याला मात्र त्यांना अडलं. ते घरी गेले आणि आत्याला म्हणाले, "आपण घरात गप्प बसतो का गं?"

"कोण गप्प? मी दिवसभर बोलते."

"तू रेडिओशी बोलतेस."

"मग कोणाशी बोलू? तू खणांशी बोलतोस, तो काचांशी बोलतो. माणसाशी बोलायचं म्हणून मी कोणाचं तोंड बघू?" आत्याने निवडायची भाजी पुढ्यातून सरकवली. "का रे, ती मुलगी नको आहे का तुला?"

"मी कुठे नको म्हटलं?"

"हो तरी कुठे म्हटलंस? पोरगा आठ दिवस पडका चेहरा घेऊन फिरतोय. ती परगावी जायच्या बेतात आहे, तुझ्या 'तुझी मर्जी'पायी. दगड पडला तरी 'लागलं' म्हणून सांगायचा नाही, असा आहेस."

मग काकांनी जे सांगितलं ते आत्यालाही नवीन होतं. कार्डावरचा निर्णयाचा रकाना त्यांनी उभ्या नोकरीत कधी भरलेला नव्हता. कार्ड लावणाऱ्याने माहिती लिहायची, शंका लिहायची. निर्णय संपादकाने लिहायचा. "मुलाचं लग्न, त्याचा संसार. तिथे निर्णय लिहिणारा मी कोण? म्हणून जागा सोडली."

"अरे शहाण्या," आत्या म्हणाली, "घरात संपादक कोण आहे मग? मी?"

"तू तर पाहुणी आहेस."

"बघ! एकवीस वर्षांनीसुद्धा!" आत्याने कपाळावर हात मारून घेतला. "माझी पेटी सोडून ठेव आज, आणि जाऊन त्या पोरीला काय ते लिही. तिला माझ्यासारखं पलंगाखाली सामान ठेवून जगायला लावू नकोस."

काकांनी खरंच पेटी सोडली. आत दोन साड्या होत्या, एक आरसा आणि बुरशी आलेली एक पिशवी. साड्या त्यांनी घडी करून कपाटात ठेवल्या. मग टेबलाशी बसून तिसरं उत्तर लिहिलं: "दोष घराचा. सुनेच्या नोंदीतून काढून टाकावा." आणि चौथ्यासाठी त्यांनी निळी पेन्सिल बाजूला ठेवली आणि मुलाकडे शाईचं पेन मागितलं.

"कशाला?" मुलगा म्हणाला.

"खोडता येऊ नये म्हणून. जा, तू बाहेर बस."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा दार आपटलं नाही. तिला चमत्कारिक वाटलं. तिने वळून पुन्हा लावून पाहिलं. बिजागरीला नवे स्क्रू होते. टेबलावर कार्ड ठेवलेलं होतं. तिने पहिली तीन उत्तरं वाचली. लाल पेन्सिलीने एक एक शंका खोडली. शेवटी निर्णयासमोर, निळ्या शाईत, एकच शब्द होता.

*हवी.*

खाली काकांची सही होती, पूर्ण नावासकट, पगाराच्या पुस्तकात करतात तशी.

काका कपाटाकडे तोंड करून उभे होते. उगाच एक खण आत-बाहेर करत होते.

"काका," ती म्हणाली, "हे तुम्हाला कुणी लिहायला सांगितलं?"

"बहिणीने शिव्या दिल्या. शब्द माझा आहे." मग पाठ न वळवताच, "उशीर झाला का? त्या दुसऱ्या गावाला कळवून टाकलंत?"

"उद्या शेवटची तारीख आहे."

"मग?"

"मग त्यांना 'नाही' कळवीन." ती उठली, शेवटची शंका खोडली आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं. "याचा स्रोत लिहायचा राहिलाय. सर विचारतील."

"घरी लिहू," काका म्हणाले. "आणि तो कप उचला स्नुषेवरून."

लग्न नोंदणी कचेरीत झालं. सरांना कोणीतरी सांगितलं तेव्हा त्यांनी तिला विचारलं, की मग ती नोंद प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेली होती का. आणि हो म्हटल्यावर फार समाधानाने मान हलवली. कार्डाला क्रमांक पडून गेलेला असल्यामुळे नियमाप्रमाणे ते खणातून काढता येत नाही. कोशाच्या छापील खंडात ते अर्थातच आलेलं नाही. 'स्नुखा'ची नोंद मात्र दोन स्तंभ भरून आली आहे, आणि मूळ अनिश्चित असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे.

कार्डकाका निवृत्त झाले त्याला आता पाच वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवसातून चार वेळा सून त्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालते, आणि ते प्रत्येक वेळी ऐन क्षणी डोळा मिटून घेतात.